कापलेले सात सेकंद

थान चिंगशू बाईंनी चित्रपट केले तीनच. चौथ्यासाठी कुणी दारात उभं केलं नाही, म्हणून त्या चीनमधल्या शिआन शहरात दिग्दर्शन शिकवायला लागल्या आणि सत्तावीस वर्षं शिकवत राहिल्या. नाटकमंडळीतल्या शिंप्याची ही लेक. कात्रीशी नातं जन्माचं. नटानं कॅमेऱ्यात पाहिलं की तेवढा तुकडा कापायचा, हा त्यांचा नियम म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. मुलं पाठीमागे त्यांना 'कात्रीबाई' म्हणायची. बाईंना ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं.

निवृत्तीनंतर सहा वर्षांनी श्याथांग गावाहून निरोप आला. पहिल्या चित्रपटासाठी बाई तिथं तीन महिने मातीच्या गुहाघरात, राळ्याच्या पेजेवर राहिल्या होत्या. गाव आता तो खळ्यावर दाखवणार होतं. खाली नाव होतं लेइ मानत्सांग. ते वाचून बाईंनी कागद घडी करून बाजूला ठेवला.

मानत्सांगची बायको फंगलियेन. त्या पहिल्या चित्रपटात तिनं पाण्याची कावड घेऊन उतरणीवरून जायचं, एवढंच काम. पण वेळ जेवणाची, समोर माणसं उभी; न विचारता पुढं जाईल कशी? थेट कॅमेऱ्यात बघून ती म्हणाली, "जेवलात का?"

पुन्हा घेतलं. पुन्हा तेच.

"वहिनी, आम्ही इथं नाहीच असं समजा."

"बरं बाई," म्हणाली, आणि तिसऱ्यांदाही विचारलंच. फिल्म मोजून मिळायची. चौथी संधी नव्हती. बाईंनी तो सात सेकंदांचा तुकडा कापला, तो कचऱ्यात गेला. वर्षभरात फंगलियेन तापानं गेली. तिचा एकही फोटो नव्हता.

तब्येतीचं निमित्त सांगावं असं बाईंच्या मनात आलं. पण सत्तरीत खोटं बोलायची लाज वाटली, आणि त्या गेल्या.

मानत्सांग दारात लाल बोरं निवडत बसला होता. बाई टेकल्यासुद्धा नाहीत.

"लेइभाऊ, वहिनी पडद्यावर दिसायच्या नाहीत. मीच कापलंय त्यांना."

"ठाव हाय की. तवाच तालुक्याला जाऊन चार डाव बघितला. पहिल्या डावाला वाटलं, माझीच पापणी लवली, म्हून ती हुकली."

"मग मला कशाला बोलावलंत?"

"पिच्चर गेला खड्ड्यात! तिचं त्वांड आठवंना झालंय, बाई. लई दिस झालं. तुमी तिला त्या पिच्चर कापायच्या यंत्रावर कितींदा बघितलं?"

कापावं की ठेवावं, म्हणून बाईंनी तो तुकडा दोन दिवस पुढं-मागं फिरवला होता. हे त्यांनी वर्गात कधी सांगितलं नव्हतं.

"शंभरदा तरी."

"मग सांगा."

बाई सांगू लागल्या. उन्हानं डावा डोळा बारीक झालेला. कपाळावर ओली बट. बादली हिंदकळू नये म्हणून एक हात मागं. सांगता सांगता शब्द अपुरे पडले, तेव्हा त्यांनी भिंतीला टेकवलेली कावड खांद्यावर घेतली, उतरणीवर चार पावलं वर गेल्या आणि खाली आल्या. मानत्सांगसमोर थांबल्या, मान कलती केली, आणि सरळ त्याच्या डोळ्यांत बघून म्हणाल्या, "जेवलात का?"

"न्हाई अजून," मानत्सांग म्हणाला, आणि डोक्याचा रुमाल तोंडावर धरून रडू लागला.

बाईंनी नजर वळवली नाही.