ट्रेलरताई

ट्रेलरताईंना येणाऱ्या सिनेमांच्या तारखा तोंडपाठ असत. आलेल्या सिनेमांचे शेवट मात्र मला सांगावे लागत, कारण थेटरात अंधार झाला की दहाव्या मिनिटाला त्या झोपलेल्या असत.

शहादा–सुरत गाडीवर त्या कंडक्टर आणि मी ड्रायव्हर, अशी आमची तीन वर्षं जोडी होती. नवापूरच्या पुढे तिकिटं काढून झाली की त्या मोबाइलवर ट्रेलर बघत आणि मला वर्दी देत, "भाऊ, ईदले मारामारीना एक यी ऱ्हायना. दिवाळीले दोन शेतस." डेपोत खऱ्या नावानं त्यांना कुणी हाक मारत नसे.

गाडी सुरतला अकराला लागे, परतीची साडेतीनला निघे. मधे स्थानकामागच्या थेटरात बाराचा खेळ बसे. सुरुवातीला त्या एकट्याच जात. "तुम्ही झोपा भाऊ. ड्रायव्हरनी झोप व्हवाले पाहिजे, कंडक्टरनं चालस," म्हणत. एकदा निघायची वेळ झाली तरी त्या आल्या नाहीत. शोधत गेलो, तर रिकाम्या थेटरात झाडूवाली बाई त्यांना हलवून जागं करत होती. त्यानंतर मी सोबत जाऊ लागलो.

मला सिनेमाचं वेड नाही. पण एकानं जागं राहायला हवं होतं. येताना विसरवाडीला चहासाठी गाडी थांबे. कप हातात घेऊन त्या म्हणत, "हां भाऊ, मंग काय व्हयनं?" नटांची नावं मला येत नसत. 'तो दाढीवाला', 'ती निळ्या साडीची' असं करत मी गोष्ट पुढे नेई. त्या खोदून खोदून विचारत. ती रडली तेव्हा कुठे उभी होती? नेमकं काय बोलली?

एकदा मी कंटाळून म्हणालो, "ताई, इतली हौस शे ते डोया उघडा ठेवा ना."

"माले नही भाऊ, मन्ही सासूले सांगनं पडस," त्या म्हणाल्या.

सासू दोन वर्षं अंथरुणावर होती. उजवं अंग गेलेलं. नवरा पुरुषोत्तमनगरच्या साखर कारखान्यात पाळीवर, त्यामुळे रात्रभर दर दोन तासांनी तिला कुशीवर वळवायचं काम ताईंचं. लग्नानंतरचा पहिला सिनेमा त्यांना या सासूनंच दाखवला होता. "आते तिले दिसत नही," ताई म्हणाल्या. "आयकीसनच देखस."

नंतर मी नीट लक्ष देऊन बघू लागलो. तरी एकदा मलाही डुलकी लागली आणि शेवट मी बनवून सांगितला. बाप आणि मुलगी फलाटावर भेटतात, असा. पुढच्या आठवड्यात ताई म्हणाल्या, "तो बाप मरी जास म्हने." मी कबूल केलं. "ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या, "तिले तुम्हनाच आवडना."

त्या वर्षी दिवाळीला एका सिनेमाचा दुसरा भाग येणार होता. पहिला भाग सासू-सुनेनं नंदुरबारला जाऊन पाहिला होता, म्हातारी चालती असताना. आता ती जेवण टाकू लागली होती. ताई घास पुढे करून म्हणत, "आई, दिवाळीलोंग ऱ्हावा, दुसरा भाग यी ऱ्हायना." म्हातारी तेवढ्यावर दोन घास खाई. तारीख पुन्हा विचारी.

नवरात्रात ती गेली.

तेरावं झाल्यावर ताई ड्यूटीवर आल्या. ट्रेलर बघणं बंद झालं होतं. मी विषय काढला नाही. पण सिनेमा लागला त्या दिवशी सुरतला गाडी उभी केल्यावर त्याच म्हणाल्या, "चाला भाऊ."

अंधारात मी दोनदा शेजारी पाहिलं. डोळे उघडे होते. पडद्यावर शेवटचं नाव येईपर्यंत त्या हलल्या नाहीत. बाहेर उन्हात आल्यावर म्हणाल्या, "आते रातले झोप व्हई जास."

विसरवाडीला चहा आला. माझ्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं. मग हळूच त्यांनीच सुरुवात केली, अगदी पहिल्या प्रसंगापासून. कोण कुठे उभं होतं, कुणाची साडी कसली, कोण काय म्हणालं. तोच सिनेमा मी त्यांच्याशेजारी बसून पाहिला होता. गाडीतले उतारू खिडकीतून हाका मारू लागले. मी उठलो नाही. त्या थांबल्या की म्हणत होतो, "मंग?"