क्लच आणि बाबांचा डावा पाय

महाडला स्पेअर पार्टच्या दुकानात मी काउंटरला होते. नव्वदचं दशक संपत आलं होतं. काउंटरवर मुलगी बघून गिऱ्हाईक आधी माझ्या खांद्यावरून आत शेठ दिसतात का ते बघायचं आणि मग नाइलाजाने मला विचारायचं. मी क्लच प्लेटचं माप तोंडपाठ सांगितलं की त्याचा चेहरा पडायचा. खरं सांगायचं तर त्या पडलेल्या चेहऱ्यासाठीच मी ती मापं पाठ केली होती.

घर पोलादपूरला. आमची एक जीप होती आणि बाबा ती बाजारपेठेतून डोंगरावरच्या एका वाडीपर्यंत चालवत. वाडीतली माणसं गुरं राखणारी. सकाळी दुधाचे कॅन खाली यायचे, दुपारी रिकामे कॅन, पेंड, मीठ, कधी बाजारात न खपलेली शेळी वर जायची. वाडीच्या अलीकडे एक खडं वळण होतं. भरलेली गाडी तिथे एका दमात चढत नसे, थांबून पहिल्या गिअरवर पुन्हा उठवावी लागे, आणि हँडब्रेकवर कुणाचाच भरवसा नव्हता. म्हणून रीत अशी पडली होती, की जो शेवटी गाडीत चढेल त्याने मागच्या फळीवरचा दगड सांभाळायचा. वळण आलं की पुरुषमाणसं न सांगता उतरायची. दगडवाला मागच्या चाकाच्या बाजूने चालायचा आणि गाडी थांबली की चाकामागे दगड सरकवायचा. एकदा नवरदेव शेवटी चढला तर दगड नवरदेवाच्या मांडीवर आला, आणि त्यात कुणाला काही गंमत वाटली नाही.

बाबा आधी कशेडी घाटात ट्रक चालवून मुरलेले. त्यांच्या पायाची लोक तारीफ करायचे. ते क्लच सोडायचे तेव्हा मागे झोपलेलं पोर जागं होत नसे, असं बायका सांगायच्या. बाबा ऐकून न ऐकल्यासारखं करायचे आणि घरी आल्यावर आईला सांगायचे.

त्या वर्षी गाडीने क्लच प्लेटा खायला सुरुवात केली. पावसाळ्याआधी टाकलेली प्लेट गणपतीत जळाली. पुढची दिवाळीनंतर गेली. बाबा म्हणाले, माल खराब येतोय. मीच तो माल विकत होते, तरी मला ते पटलं, कारण बाबांचा पाय चुकतो हे कुणाच्या डोक्यात येणं शक्यच नव्हतं. तिसऱ्या वेळी गॅरेजच्या मिस्त्रीने गिअरबॉक्स उतरवला तर प्लेटबरोबर तिच्या मागचं फ्लायव्हील, म्हणजे इंजिनचं जड चाकही गेलेलं. तापून त्यावर निळे डाग पडले होते आणि चिरा गेल्या होत्या.

मग मी कंबर कसली. कंपनीच्या प्लेटचा नाद सोडून बाहेरच्या मेकचा कडक क्लच निवडला. स्प्रिंगा जोरदार, पकड अशी की सुटणार नाही. फ्लायव्हील आमच्याच दुकानात पडून होतं. कुणा हौशी गिऱ्हाइकाने पुण्याहून लेथवर कातून हलकं करून मागवलं होतं आणि नंतर नेलंच नव्हतं. मिस्त्रीने ते हातात घेऊन वजन अजमावलं. त्याचं म्हणणं, एवढ्या कडक क्लचला कंपनीचं जडच चाक बरं. जड चाक फिरताना जोर धरून ठेवतं, क्लच जरा चुकीचा सुटला तरी इंजिन ओढून नेतं. हलकं चाक चूक माफ करत नाही. बाबा हसले.

"माज्या पायाला कुनाच्या माफीची गरज नाय," ते म्हणाले. "बसव तू."

बसवलं. दासगावच्या बाजूला हायवेवर गाडी नेली तर इंजिन असं चटकन रेस घेत होतं की बाबांनी शीळ घातली.

त्या रविवारी वाडीत एक बारसं होतं म्हणून मीही गाडीत बसले. वळण अजून दूर होतं. खाली एका आंब्यापाशी गाडी जराशी हळू झाली आणि लोक उतरायलाच लागले. पुरुष उतरले, बायकाही उतरल्या. कुणी म्हणालं पाय आखडलेत, शेळी घेऊन निघालेली एक म्हातारी म्हणाली शेळीला गाडी लागते. मला राग आला. गाडी दाराशी येते तर यांना चालायची हौस. मी मुद्दाम बसून राहिले. मागून एक माणूस दगड काखेत घेऊन येत होता.

वळणावर गाडी थांबली, दगड लागला. बाबांनी पहिला गिअर टाकला, क्लच सोडला आणि इंजिन बंद पडलं. पुन्हा सुरू केलं, पुन्हा बंद. तिसऱ्यांदा गाडीने असा हिसका दिला की ती मागे दगडावर आदळली, दगड निसटला आणि आम्ही मागे जाऊ लागलो. बाबांनी स्टिअरिंग डोंगराच्या अंगाला फिरवलं म्हणून मागचं चाक गटारात अडकून गाडी थांबली. कॅन खडखडत रस्त्याने खाली गेले. लागलं कुणालाच नाही.

निरोप गेला आणि मिस्त्री वर आला. दहाजणांनी गाडी गटारातून काढली. मिस्त्री स्टिअरिंगवर बसला, रेस थोडी जास्त ठेवली आणि तीच गाडी, तेच वळण, पहिल्या झटक्यात चढवून दाखवली. उतरून त्याने चावी बाबांच्या हातात दिली.

बाबा रस्त्याच्या मोरीच्या कठड्यावर बसले होते. त्यांच्या डाव्या पायात चप्पल नव्हती. ती क्लचच्या पेडलजवळ पडली होती. इंजिनच्या धगीने पत्रा तापतो तिथेच त्यांचा अनवाणी तळवा टेकला असणार, कारण तळव्यावर मोठा फोड येऊन फुटला होता. मी विचारलं, दुखत नाही का. त्यांनी खाली बघितलं, दुसऱ्या कुणाचा पाय असावा तसं.

"कदी पडली गो चप्पल?" त्यांनी मलाच विचारलं.

तेव्हा सगळं कळलं. पायाला काही कळतच नव्हतं. दिवसभर तो क्लचवर दाबून टेकलेला असायचा आणि खाली प्लेटा जळायच्या. जुन्या जड चाकाने ते इतके महिने झाकून नेलं होतं. मला तेव्हा वाईट वाटायला हवं होतं. काहीच वाटलं नाही. मी उभी राहून या क्लचला कुठलं फ्लायव्हील जुळेल याचा विचार करत होते.

शेळीवाली म्हातारी माझ्या शेजारी येऊन बसली. मी तिला विचारलं, तुम्ही आंब्यापाशी का उतरता.

"वरीस झाला, आमी तितंच उतरतो," ती म्हणाली. "गाडी मागं याला लागली तवापासून. तुज्या बापाला सांगायचा कोनी गो? त्यापेक्षा चाललेला बरा."

महाडच्या डॉक्टरांनी सांगितलं की साखर आहे, पायाच्या नसा गेल्यात, गेलेलं परत येणार नाही आणि गाडी चालवायची नाही. बाबांनी ते शेजाऱ्याचं दुखणं ऐकावं तसं ऐकून घेतलं. घरी आल्यावर आईने सुकटीचं कालवण वाढलं आणि आम्ही जेवलो. कुणी रडलं नाही. महाडला मोडीत निघालेल्या एका जीपचं कंपनीचं फ्लायव्हील मी मिळवलं, मिस्त्रीने ते कडक क्लचबरोबर बसवलं. जोडी अशी जमली की ती प्लेट पुढे कित्येक वर्षं टिकली. माझ्या चुलतभावाने गाडी हातात घेतली. एवढं चांगलं काम झालं याचाही मला आनंद झाला नाही. मी दुकानात जात होते, मापं सांगत होते, चेहरे पडत होते.

पायाची जखम भरायला उन्हाळा उजाडला. मग एके दिवशी बाबा म्हणाले, वाडीत जाऊन येऊ. सगळे चढेपर्यंत ते खाली उभे राहिले आणि शेवटी चढले. रीतीप्रमाणे दगड त्यांच्या मांडीवर आला. कुणीतरी तो घ्यायला हात पुढे केला तर त्यांनी दिला नाही.

आंबा आला. गाडी हळू झाली, पण कुणीच उतरलं नाही. शेळीवालीही बसून राहिली. आंबा मागे गेला. बाबांनी मान वळवून त्याच्याकडे बघितलं, मग एकेका माणसाकडे बघितलं. सगळे बाहेर बघत होते.

वळणावर पुरुष उतरले, त्यांच्यात बाबा उतरले, मीही उतरले. भाऊ थांबला, बाबांनी वाकून चाकामागे दगड लावला. गाडी हळूच उठली आणि वर गेली, आत झोपलेलं पोर जागं झालं नसतं अशी. बाबांनी दगड उचलून छातीशी धरला. त्यामुळे त्यांना खाली दिसत नव्हतं.

"बाय गो," ते म्हणाले, "बग जरा, चप्पल हाय का माज्या पायात?"

मी वाकून बघितलं. होती. हाय म्हटलं, आणि तिथे, इतक्या महिन्यांनी, मला रडू फुटलं. बाबा दगड घेऊन गाडीमागे चालू लागले होते.