असाबेआ आंटी आणि दहा खोल्यांचं मीटर

असाबेआ आंटी आमच्या घरात आली ती एका शुक्रवारी, टॅक्सीच्या टपावर गादी बांधून. तेव्हा ती बावन्न वर्षांची होती. मी त्या घरात आधीच सात वर्षं काढली होती. कोफोरिडुआला गाड्यांच्या अड्ड्यामागे आमचं घर. मधे अंगण, भोवती दहा खोल्या, नऊ खोल्यांत भाडेकरू आणि एकीत राखणदार. सगळ्यांत मिळून एक न्हाणीघर, एक संडास, एक नळ आणि ओसरीच्या भिंतीवर विजेचं एकच मीटर. मी तीन नंबरमध्ये शिवणकाम करायची. शेजारची चार नंबर तिला मिळाली.

लार्बीने तिच्या हातात किल्ली दिली. लार्बी म्हणजे घरमालकाने ठेवलेला राखणदार. भाडेकरू आणायचे, वर्गण्या गोळा करायच्या, भांडणं सोडवायची, ही त्याची कामं.

"दोन वर्षांचं भाडं मी ओपानिनच्या हातात मोजून दिलंय," आंटी त्याला म्हणाली. ओपानिन डार्को हे आमचे घरमालक. "आता दोन वर्षं कुणाला काही द्यायचं नाही ना?"

"छे हो, आंटी! आता पाय पसरून झोपा."

मी मशीनवर मान खाली घालून हसले. पण तिचंही चुकत नव्हतं. बावन्न वर्षांत तिने कधी भाडं भरलंच नव्हतं. लहानपणी आईच्या कुळाचं मोठं घर होतं, लग्नानंतर नवऱ्याचं. नवरा गेला आणि आमच्याकडच्या रीतीप्रमाणे कोकोची बाग त्याच्या बहिणीच्या मुलांकडे गेली. मुलं वाईट नव्हती. त्यांनी तिला एका हंगामाचे पैसे दिले आणि 'मामी, तुम्ही राहा इथेच' असंही म्हणाली. पण जी झाडं तिने नवऱ्याबरोबर लावली त्यांच्या सावलीत पाहुणी म्हणून बसायचं तिला जमेना. तिने त्या पैशांतून दोन वर्षांची खोली घेतली, एक लोखंडी जाळी घेतली आणि अड्ड्याच्या तोंडाशी भाजीची मोठी केळी भाजून शेंगदाण्यांबरोबर विकायला बसली. हे सगळं तिने मला पहिल्याच संध्याकाळी सांगितलं, कोळसे निवडता निवडता, अगदी दुसऱ्या कुणाचं सांगावं तसं.

तिसऱ्या दिवशी सकाळी लार्बीने तिचं दार वाजवलं.

"आंटी, दोन सेडी."

"कशाचे?"

"झाडूचे."

"माझ्याकडे झाडू आहे."

"तो तुमच्या खोलीचा. हा अंगणाचा."

तिने दिले. दुसऱ्या दिवशी न्हाणीघराच्या नव्या कुलपाचे आले. मग वाटेतल्या दिव्याचे. मग नळाच्या पाण्याचे. आणि नवव्या दिवशी संडासाची टाकी उपसणारी लॉरी आली, खोलीमागे वीस सेडी.

"कशाचे?" आंटीने विचारलं.

लार्बीने नुसतं टाकीकडे बोट दाखवलं.

"अरे, मला येऊन आठ दिवस झालेत! आठ दिवसांत ती अख्खी टाकी मी एकटीने भरली?"

अंगणभर हशा पिकला. सात नंबरमधला बुकारी, जो ट्रोट्रो, म्हणजे प्रवाशांची छोटी गाडी, चालवायचा, तो ओरडला, "आंटी, तुमची केळी फार जोरदार आहेत!"

"तू रोज चार फुकट खातोस, आधी तुझं माप काढ," ती म्हणाली आणि चडफडत वीस सेडी मोजले.

मग दोन नंबरमधल्या नर्स अडोलेचे काका वारले. अशा वेळी घरातून सगळ्यांनी मिळून काही द्यायचं, ही आमची पद्धत. आंटी म्हणाली, "मी त्या काकांना बघितलंसुद्धा नाही." अडोले समजुतीने म्हणाली, "तुमच्याकडे कुणी गेलं तर आम्हीही देऊ ना, आंटी." त्यावर आंटी म्हणाली, "माझ्याकडचे जायचे ते सगळे आधीच जाऊन बसलेत." तरीही तिने पैसे दिले, आणि वर शोकाला जाणाऱ्यांसाठी टोपलीभर केळी भाजून दिली.

तेव्हापासून घरात तिचं नावच 'कशाचे आंटी' पडलं. तिने ते मनावर घेतलं नाही. पण विचारायचं काही सोडलं नाही.

खरी गंमत झाली विजेवरून. बिल वाटायची आमची जुनी रीत होती. प्रत्येक वस्तूला ठरावीक गुण. दिव्याला एक, पंख्याला एक, टीव्हीला दोन, फ्रिजला तीन. ज्याचे जेवढे गुण, तेवढा त्याचा वाटा. आंटीकडे फक्त एक दिवा होता आणि तोही ती आठ वाजता मालवून झोपायची. पहिल्या महिन्यात तिच्या वाट्याला तीन सेडी आले. चौथ्या महिन्यात सात.

ती तडक माझ्या दारात.

"झिफा, तुझ्या इस्त्रीला किती गुण?"

"दोन."

"चार पाहिजेत. बकरी चरावी तशी ती वीज खाते."

"आंटी, मी इस्त्री आठवड्यातून दोनदा लावते. अडोलेचा फ्रिज तर चोवीस तास चालतो!"

अडोलेने ते ऐकलं. ती बाहेर येऊन म्हणाली की तिचा फ्रिज नवा आहे, बुकारीचा टीव्हीच म्हातारा आहे. बुकारी म्हणाला की त्याच्या टीव्हीवर अख्खं घर फुटबॉल बघतं, तेव्हा कुणी गुण मोजत नाही. पंधरा मिनिटांत सात खोल्या एकमेकींच्या अंगावर आल्या. मी आणि आंटी दोन दिवस बोललो नाही. तिसऱ्या दिवशी तिने खिडकीतून दोन केळी आत सरकवली आणि म्हणाली, "इस्त्री नाही. मी विचार केला. तू पहिल्या महिन्यातसुद्धा एवढीच इस्त्री लावायचीस. मग बिल आत्ताच का वाढलं?"

"मला काय माहीत?"

"मलाही नाही. पण त्या मीटरला माहीत असेल."

आमचं मीटर जुनं, काचेआड फिरणारी चकती असलेलं. वीज जास्त चालली की चकती भरभर फिरायची. आंटीच्या डोक्यात सरळ विचार आला. सगळ्यांनी सगळं बंद करायचं आणि चकती थांबते का बघायचं.

सांगायला सोपं. दहा खोल्यांना एका वेळी सगळं बंद करायला लावणं म्हणजे लग्नाची वरात वळवण्यासारखं होतं. पण आंटी दारोदार फिरली. अडोलेच्या फ्रिजमध्ये मासे होते. आंटी म्हणाली, "पंधरा मिनिटांत मासे जिवंत होऊन पळत नाहीत." बुकारीला तिने मॅच नसलेली वेळ विचारली. शनिवारी दुपारी तीन वाजता, असं ठरलं. लार्बी त्या दिवशी सुहुमला कुणाच्या अंत्यविधीला गेला होता. त्याच्या खोलीला कुलूप होतं, दिवाही बंद होता.

तीन वाजता आंटीने हाक दिली. नऊ दारांतून आवाज आले, "बंद!" आम्ही सगळे ओसरीवर मीटरपुढे जमलो, जणू काचेआडून कुणी भाषण करणार होतं.

चकती फिरत होती. सावकाश, पण अगदी निवांत फिरत होती.

"वीज पिणारं घराबाहेर आहे," आंटी म्हणाली.

मीटरच्या पाटीमागून एक बारीक तपकिरी वायर निघाली होती. पन्हाळीच्या पाइपाला चिकटून ती मागच्या भिंतीवर चढली होती, आणि वेलीखालून पलीकडे उतरली होती. भिंतीपलीकडे ओपानिनचं अर्धवट बांधलेलं घर होतं, बिनछपराचं, गेली कित्येक वर्षं तसंच पडलेलं. बुकारी स्टुलावर चढून पलीकडे डोकावला.

"अरे, काय आहे?"

"तुम्हीच बघा. मी सांगितलं तर खोटं वाटेल."

आम्ही वळसा घालून गेलो. कोपऱ्यातल्या एका खोलीवर पत्रे टाकले होते. आत भुश्शावर दीड-दोनशे पिल्लं, आणि त्यांच्या डोक्यावर टोपल्यांत अडकवलेले चार मोठे दिवे. पिल्लं उबेला दाटीवाटीने बसली होती, पिवळीधमक, डोळे मिटून. इतके सुखात झोपलेले भाडेकरू मी आमच्या घरात कधी बघितले नव्हते.

अडोलेला हसू आवरेना. बुकारी मात्र तापला. "लार्बी! येऊ दे त्याला!"

लार्बी संध्याकाळी आला. अंगणात सगळी बसलेली बघून त्याने ओळखलं. त्याने टोपी काढली आणि उभाच राहिला.

"आंटी, पिल्लं माझी आहेत."

"दिवेही तुझे. वीज कुणाची?"

"तुमची."

"का?" बुकारी ओरडला. आंटीने हात करून त्याला गप्प बसवलं.

लार्बी म्हणाला, "अकरा वर्षं मी इथे आहे. ओपानिनने खोली दिलीय. पगार कधी दिला नाही. आधी लाकडाच्या वखारीत काम होतं तेव्हा चालायचं. पाच महिन्यांपूर्वी वखार बंद झाली. मोठी झाली की कोंबड्या विकून तुमचे पैसे परत करणार होतो."

"हे अकरा वर्षं कुणाला का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"तुम्ही कधी विचारलं नाही."

ते खरं होतं. मी सात वर्षांत त्याला शेकडो वेळा दार उघडून पैसे दिले होते. त्याचं पोट कशावर चालतं, हे माझ्या मनातही आलं नव्हतं. बुकारीसुद्धा जमिनीकडे बघायला लागला.

आंटीने शेवटी निवाडा केला. पिल्लांना आठ गुण लावायचे. कोंबड्या विकेपर्यंत उधार, मग लार्बीने भरायचे. आणि ओपानिनना कुणी काही सांगायचं नाही, नाहीतर बिचाऱ्याची खोलीही जाईल. "पण पगाराचं मी त्यांच्याशी बोलणार," ती म्हणाली.

"नको, आंटी!" लार्बी घाबरला.

"तू गप्प बस. पिल्लांचं नाव न घेता बोलते."

ओपानिन डार्को महिन्याच्या पहिल्या रविवारी चर्चमधून परस्पर आमच्याकडे यायचे, अंगावर पांढरं वस्त्र, हातात काठी. त्या रविवारी आंटीने त्यांना स्वतःच्या स्टुलावर बसवलं, गरम केळी आणि शेंगदाणे पुढे ठेवले. ते खूश झाले.

"ओपानिन," ती म्हणाली, "आम्ही भाडेकरूंनी एक ठरवलंय. लार्बी आमच्यासाठी फार राबतो. तेव्हा दर महिन्याला त्याला पगार आम्हीच द्यावा म्हणतो."

"वा! छान, छान," ओपानिन केळं मोडत म्हणाले.

"आणि मग तो आमचा माणूस झाला. छप्पर गळलं की तो आमच्या वतीने तुमच्याकडे येणार. टाकीचे पैसे मालकाने द्यायचे की भाडेकरूने, हे विचारायला तो आमच्या वतीने जाणार. नवा भाडेकरू आला की आत शिरायच्या आधीच त्याला सगळा वरखर्च सांगणार. किल्ल्याही अर्थातच आमच्याकडे राहतील."

ओपानिनचा घास हातातच राहिला. त्यांनी एकवार लार्बीकडे बघितलं, एकवार आम्हा सगळ्यांकडे. आम्ही भक्तिभावाने उभे होतो.

"हे बघ, बाई," ते सावकाश म्हणाले, "माझ्या माणसाला दुसऱ्यांनी पगार द्यावा, हे माझ्या नावाला शोभत नाही. मीच देईन."

"जशी तुमची इच्छा. टाकीचं?"

"अर्धे माझे."

"ओपानिन, फार मोठं मन आहे तुमचं."

त्यांनी उरलेली केळी संपवली, हात धुतले, काठी उचलली. दारापर्यंत गेले आणि मागे न वळता म्हणाले, "लार्बी, ख्रिसमसला त्यातल्या दोन कोंबड्या माझ्याकडे पाठव. चांगल्या भरलेल्या."

ते गाडीत बसून गेले तरी कुणी हललं नाही. मग आंटीच खाली बसली आणि पोट धरून हसायला लागली. "म्हातारा! सगळं माहीत होतं त्याला!" लार्बी आधी घामाघूम, मग तोही हसला. त्याला तसं हसताना मी पहिल्यांदाच बघितलं.

डिसेंबरात कोंबड्या चांगल्या भावाने गेल्या. लार्बीने विजेचे पैसे चुकते केले. दोन कोंबड्या ओपानिनकडे गेल्या आणि तीन त्याने घरासाठी ठेवल्या. ख्रिसमसच्या दुसऱ्या दिवशी अंगणात मोठं पातेलं चढलं. अडोलेने मसाला वाटला, मी टोमॅटो चिरले, बुकारीने मुसळ घेतलं आणि आंटी उखळाशी बसून फुफूचा कांडलेला गोळा उलटायला लागली. बुकारी कांडायचा जोरात, आंटी ओरडायची, "माझी बोटं वाचव, उद्या केळी तू भाजणार आहेस का?" दहाही खोल्यांची दारं उघडी होती आणि मुलं या खोलीतून त्या खोलीत पळत होती.

जेवताना मी तिला विचारलं, "आंटी, गावच्या घराची आठवण येते?"

तिने रस्सा चाखला. "झाडांची येते," ती म्हणाली. मग अडोलेकडे वळून म्हणाली, "मिरची कमी पडलीय गं. दोन नंबरवाले नेहमी हात आखडता घेतात."

अडोले मिरची आणायला उठली.