सत्तरच्या वर अलाऊड नाही

आधीच सांगून टाकतो, म्हणजे कमेंटमध्ये कोणी विचारायला नको. मी असल्या गोष्टी मानणाऱ्यातला नाही. आमची गाडी मी मुद्दाम अमावास्येला घरी आणली, कारण त्या दिवशी शोरूमला गर्दी नव्हती. इथले अनुभव मी जेवताना वाचतो आणि बायकोला म्हणतो, "हा बघ, अजून एक फेकतोय." तेव्हा तुम्ही मला तेच म्हणालात तरी चालेल... पण यातला अर्धा भाग माझ्या स्वतःच्या नालायकपणाचा आहे, आणि तो तरी शंभर टक्के खरा आहे.

आम्ही डिलाईल रोडला चाळीत राहतो. दोन खोल्या, तिसरा मजला. मी, बायको अनघा, दोन मुलं आणि माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणतो. अण्णांचं वय शहात्तर. मालवणच्या पुढे खाडीकाठी त्यांचं गाव आहे. सतराव्या वर्षी मुंबईला आले आणि गिरणीत वाइंडिंग खात्यात लागले. गिरणी बंद झाल्यावर वॉचमनकी केली, पण बोलणं मात्र आजही शंभर टक्के मालवणी.

अण्णांकडे एक जुनी बॉबिन आहे, गिरणीतली, लाकडी. तिच्यावर सुताऐवजी गरीची दोरी गुंडाळलेली. गरी म्हणजे मासे पकडायचा गळ. लहानपणी होडीत बसून हाताने गरवायचे म्हणे. ती बॉबिन ते कपाटात बनियनखाली ठेवतात. दर दोनचार महिन्यांनी काढतात, दोरी सगळी सोडतात आणि परत गुंडाळतात. मुंबईत आल्यापासून त्यांनी ती पाण्यात कधी टाकलेली नाही.

यंदा फेब्रुवारीत माझ्या साडूने, नितीनने, टूम काढली... फॅमिलीला घेऊन फिशिंगला जाऊ. भाऊच्या धक्क्यावरून बोट मिळते, सकाळी साडेसहाला निघायचं, खांदेरीच्या अलीकडे नांगर टाकायचा, रॉड ते देतात, एकपर्यंत परत. मी त्यांचा कागद आणून फ्रिजवर लावला. बोट आठ जणांची, आम्ही सहा. मी, अनघा, दोन मुलं, नितीन आणि माझी मेहुणी.

हिशोब तुम्हीच करा. दोन जागा मोकळ्या होत्या.

अण्णांनी चष्मा लावून तो कागद वाचला. चहा प्यायले, परत वाचला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "माका पण न्हे रे तुमच्यावांगडा. मी एका कोपऱ्यात बसान."

वांगडा म्हणजे बरोबर. या माणसाने आयुष्यात माझ्याकडे काही मागितलेलं मला आठवत नाही. चष्म्याची काडी तुटली तर दोरा बांधून चालवतात. आणि मी काय केलं? नजरेला नजर न देता सांगितलं, "अण्णा, सत्तरच्या वर अलाऊड नाही. इन्शुरन्सचा नियम आहे त्यांचा."

का? तर लाज वाटली, दुसरं काही नाही. नितीन टॉवरमध्ये राहतो, त्याच्यासमोर अण्णा मोठमोठ्याने मालवणीत बोलणार, तंबाखू मळणार, दर तासाला लघवीला जागा शोधणार, शिवाय "रॉड असो धरतत काय रे मेल्या?" म्हणून नितीनलाच शिकवणार. मला एक दिवस आरामात हवा होता. अनघा म्हणाली होती, "अहो, नेऊया ना, मी बघते त्यांचं." तिलाही मी हेच खोटं सांगितलं.

अण्णा पटकन म्हणाले, "बरोबर आसा. नियम तो नियम." विषय संपला. मला हलकंच वाटलं तेव्हा, खरं सांगतो.

निघायच्या दिवशी पहाटे ते आमच्याआधी उठले होते. दारात त्यांनी माझ्या हातात कापडी पिशवी दिली. आत शेंडीवाला नारळ, त्याला कुंकू लावलेलं, आणि ती बॉबिन.

"दर्याक नारळ दी. गाऱ्हाणा घाल, मगे गरी टाक. आणि पयलो मासो दर्याचो. तो सोडूचो, काय?"

आमच्याकडे कुठलंही काम असू दे, आधी गाऱ्हाणं. देवाला मोठ्याने सगळं सांगायचं, कोण आलंय, कशाला आलंय, सांभाळून घे. 'बा देवा म्हाराजा' म्हणत एकाने सुरुवात करायची, बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. मला ते सगळं पाठ आहे. मी "हो हो" म्हणून पिशवी घेतली.

धक्क्यावर पोचलो तर नितीन गॉगल, टोपी, हातात कॅमेरा. त्याच्यासमोर नारळ काढून म्हाराजा म्हाराजा करायचं?... माझी जीभच उचलेना. मी बोटीच्या पुढच्या टोकाला गेलो आणि पिशवीला गाठ मारून ती फळीखाली सारून आलो. कोणाला दिसू नये म्हणून वर लाइफ जॅकेट टाकलं. मग मागे येऊन बसलो.

बोटीची रचना सांगतो, कारण ती महत्त्वाची आहे. मध्ये केबिन. केबिनमध्ये बोट चालवणारा तांडेल, हरेश नावाचा, पन्नाशीचा, कोळी. आम्ही सगळे केबिनच्या मागे. पुढचं टोक तांडेलला समोरच्या काचेतून दिसतं, आम्हाला मागून काहीच दिसत नाही. पुढे जायचं तर केबिनच्या कडेने धरून धरून जावं लागतं. मुलांना तिकडे जायला बंदी होती. एकच्या सुमारास परत येईपर्यंत आमच्यातलं कोणीही पुढे गेलं नाही. हे मी नंतर प्रत्येकाला वेगवेगळं विचारलंय.

समुद्र शांत होता. डाव्या हाताला मांडवा गेलं, थोडं पुढे जाऊन नांगर पडला. चार तासांत आम्हाला तीन शिंगाळे मिळाले, वीतभर. मुलं खूश. नितीनच्या रॉडचा गुंता झाला तो शेवटपर्यंत सुटला नाही. एकदा वाऱ्याबरोबर पुढून कोणीतरी बोलल्यासारखं आलं. मला वाटलं, तांडेल फोनवर असेल.

परत येताना माझं मन लागेना. अण्णा आता काय करत असतील, खिडकीत बसले असतील, असंच डोक्यात. धक्का दिसायला लागला तशी ती पिशवी आठवली. ठरवलं, सांगायचं, नारळ दिला, गाऱ्हाणं घातलं. म्हणजे अजून एक खोटं. नारळ गुपचूप परळच्या देवळात देऊन टाकू.

बोट लागली. हरेश धक्क्यावर उतरला आणि एकेकाला हात देऊन उतरवायला लागला. मुलं, अनघा, मेहुणी, नितीन, मी. मी उतरलो तरी त्याचा हात तसाच पुढे.

"काकांना येऊ द्या आता. सावकाश."

"कोण काका?"

"तुमचे वडील हो. पुढं बसलेत ना."

मी म्हटलं, "वडील घरी आहेत. आम्ही सहाच आहोत."

तो हसला. त्याला वाटलं मी मस्करी करतोय. "काय राव... परवा त्यांचा फोन होता मला. वयाचा काय नियम हाय का विचारत होते. मी बोललो, नियम कसला काका, जॅकेट घाला नि या. ऐंशीवाले पण येतात आपल्याकडं. सकाळी पुढं बसलेले दिसले, तर मी समजलो तेच."

मला खरं तर तिथे भुताची भीती वाटायला हवी होती. पण माझ्या कानात एकच वाक्य अडकलं... परवा फोन होता. फ्रिजवरच्या कागदावर नंबर होता. म्हणजे अण्णांना माहीत होतं. मी खोटं बोललो हे माहीत असताना त्यांनी पहाटे उठून नारळाला कुंकू लावलं होतं, आमच्या सगळ्यांसाठी.

अनघा माझ्याकडे बघत होती. तीही आत्ताच सगळं समजली होती. मग ती मुलांना घेऊन गाडीकडे गेली.

हरेश वर चढून पुढे बघून आला. त्याचा चेहरा उतरला होता. "कोण नाय," म्हणाला. मग हळूच, "पण मी बघितला ना माणूस. डोक्याला पंचा. नांगर टाकल्यावर उभा राहिला, नारळ सोडला पाण्यात. काहीतरी मोठ्यानं बोलत होता. आमच्यात नाय तसं बोलत. सारखं आपलं म्हाराजा, म्हाराजा..."

मी विचारलं, "मग?"

"मग हातानं गरी टाकून बसला. एक चांगली तांबोशी लागली होती त्याला. मी काचेवर टकटक केलं, शाबास म्हणून. तर सोडून दिली त्यानं. मला वाटलं, येडा हाय काय म्हातारा."

मी स्वतः पुढे गेलो. फळीखाली पिशवी होती, जॅकेटही वरच होतं. आत नारळ नव्हता. बॉबिन होती, आणि तिची दोरी ओली होती. वरचे फेरे नाहीत, अख्खी, आतपर्यंत. गुंडाळलेली मात्र अण्णा गुंडाळतात तशीच, एकावर एक, घट्ट.

घरी आलो. जिन्यातच शेजारच्या तांबेकाकू भेटल्या. "आलास बाबा एकदाचा! अरे, तुझे अण्णा सकाळी सातपासून झोपलेले. दोनदा हाका मारल्या, हलवलं, उठेचनात. श्वास चालू होता म्हणून बरं, नाहीतर डॉक्टरलाच बोलावणार होते. आत्ता उठलेत, दीडला." अण्णा कधी दिवसा झोपत नाहीत. गिरणीच्या दिवसपाळीची सवय.

अण्णा खिडकीत बसून चहा पीत होते. उजव्या हाताच्या पहिल्या बोटाला हळद लावलेली चिंधी.

"काय झालं बोटाला?"

"काय नाय. सुरी लागली."

घरात सुरीने कापायचं काही काम निघालं नव्हतं, अनघा सगळं करून गेली होती. शिवाय नंतर चिंधी बदलताना काप बघितला, सुरी कोणाला असल्या जागी, पेरावर आडवी लागत नाही. तसा काप दोरी सरकली की पडतो. हे मला त्यांनीच लहानपणी सांगितलंय.

मी पिशवी पुढे केली. त्यांनी बॉबिन काढली, अंगठ्याने दोरी दाबून बघितली आणि ती खिडकीत उन्हाला ठेवली. ओली कशी झाली, काही विचारलं नाही. "पोरांका मजा इली मा?" एवढंच. मी "हो" म्हटलं. तिथेच सांगायला हवं होतं, अण्णा, चुकलं माझं. तोंड उघडलं आणि विचारलं काय, तर "जेवलात का?"

नंतर खूप डोकं खाजवलं. हरेशने फोनवर ऐकलेल्या म्हाताऱ्यावरून गोष्ट रचली म्हणावं, तर गाऱ्हाणं त्याला कुठून कळलं? नारळ घरंगळून पडला म्हणावं, तर पिशवीला गाठ होती. पाणी उडून दोरी भिजली म्हणावं, तर पिशवी कोरडी होती. आणि ते बोट... नितीन म्हणतो, योगायोग. म्हणू दे.

मग पावसाळा आला, बोटी बंद झाल्या. मी रोज ठरवायचो आणि रोज शेपूट घालायचो. अनघाने तेवढ्यात एकदाच सुनावलं, "मला खोटं सांगितलंत ते सोडा, पण त्यांना?"

नारळी पौर्णिमा झाली. हरेशचा नंबर लावला, बोट सुरू झाली होती. संध्याकाळी अण्णांच्या शेजारी जाऊन बसलो. खरं सांगायचंच म्हणून बसलो होतो, आईशपथ. पण तोंडातून आलं, "अण्णा, त्यांनी नियम बदललाय. आता सगळ्यांना नेतात. रविवारी जाऊया? तुम्ही आणि मी, दोघंच."

ते दोरी गुंडाळत होते. हात थांबला नाही. बोटावरचा व्रण आता पांढरा पडलाय.

"नको रे झिला. आता कित्याक? मी जावन इलंय मा तुमच्यावांगडा."

खाली रस्त्यावर कोणाच्या तरी गणपतीच्या मंडपाचे बांबू टेम्पोतून उतरवत होते, तो आवाज ऐकत बसलो.

थोड्या वेळाने तेच म्हणाले, "पुढच्या खेपेक नारळ मात्र तूच दी. चार लोकांत लाजू नको."

मी लाजलो होतो, हे मी कोणालाही सांगितलेलं नव्हतं. अनघालासुद्धा नाही.

त्या दिवशी बोटीवर काय घडलं ते मला सांगता येत नाही, कोणाला येत असेल तर खाली लिहा, मी वाचेन. पण मी खोटं बोललो, एवढं तरी मला सांगता येतं ना? ते अजून अण्णांना सांगितलेलं नाही. ते पलीकडच्या खोलीत जागे आहेत, आणि मी इथे बसून तुम्हाला सांगतोय.