डोल आणि डोलणं

मोरा बंदरावरच्या भाग्यश्री कोळीचा धंदा लग्नांच्या व्हिडिओंचा. हळद, वरात, पाठवणी हे सगळं कापून-जोडून ती दोन दिवसांचं लग्न तासाभरात बसवते, आणि तरी कुणाची आत्या त्यातून सुटत नाही. उरणात तिला अजून ‘कॅसेटवाली’ म्हणतात.

पण तिचा जीव जडलाय अमेरिकेतल्या जुन्या चित्रकारांवर. हे ऐकलं की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, “तिकडे कोण आहे तुझं?” तिकडे तिचं कुणी नाही. तिथली जुनी चित्रं आता इंटरनेटवर कुणालाही बघता येतात. एका चातुर्मासात, लग्नं बंद असताना, ती बघायला बसली आणि अडकलीच. तेव्हापासून लग्नसराईत कमवायचं आणि पावसाळ्यात माहितीपट करायचे, असं तिचं चाललंय. चित्र मोठं छापून घ्यायचं, कॅमेरा त्यावरून सावकाश फिरवायचा आणि आपल्या आवाजात त्याची गोष्ट सांगायची.

पहिले दोन माहितीपट तिने पुस्तकी मराठीत केले. ते बघताना तिची आई चांगुणाबाई भिंतीला टेकून झोपली. उठल्यावर म्हणाली, “तू बोलतंस, का बातम्या देतंस?”

भाग्यश्रीला ते लागलं, पण पटलंही. म्हणून तिसरा माहितीपट तिने घरात बोलतात त्या बोलीत केला. तो होता विन्स्लो होमर या चित्रकारावर. त्याच्या एका चित्रात एकटा कोळी लहानशा होडीत वल्ही मारतोय, होडीत भलामोठा मासा पडलाय, आणि तो मान वळवून दूरच्या जहाजाकडे बघतोय, कारण क्षितिजावरून धुकं चढत येतंय. जहाजापर्यंत आधी तो पोचेल की धुकं, हे चित्र सांगत नाही. या एका चित्रावर भाग्यश्री दहा मिनिटं बोलली होती. आवाजात घाई नाही, पाठ केल्याचा वास नाही. चांगुणाबाई या वेळी झोपली नाही.

बेलापूरच्या एका रसिक मंडळाने माहितीपट दाखवायला मागितला. मंडळाचे चिटणीस सुभाषराव फोनवर गोड बोलले. “ताई, फाइल आठवडाभर आधी द्या हं. आमचा प्रोजेक्टर जरा लहरी आहे.” तिने दिली. कार्यक्रमाला ती आईला घेऊन गेली. चांगुणाबाईने ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं.

अंधार झाला. पडद्यावर समुद्र आला आणि एक अनोळखी, घोटीव आवाज पुस्तकी मराठीत बोलू लागला.

“भाग्ये,” चांगुणाबाई कुजबुजली, “ह्यो आवाज कोनाचा?”

भाग्यश्री कान देऊन ऐकू लागली. सांगणं तिचं होतं, क्रम तिचा होता, मध्ये घेतलेला श्वाससुद्धा तिने जिथे घेतला होता तिथेच. फक्त ती स्वतः कुठेच नव्हती. मग ते चित्र आलं. तिथे तिचं मूळ वाक्य असं होतं: “ह्यो मानूस आमचेसारखा डोल नाय लावीत. गलान मासली धरतो.” डोल म्हणजे भरतीओहोटीच्या प्रवाहात लावायचं पिशवीसारखं मोठं जाळं. खाडीकाठच्या लहान पोरालाही हे ठाऊक असतं. पडद्यावरचा आवाज म्हणाला,

“हा माणूस आमच्यासारखा डोलत नाही. तो गळाने मासे धरतो.”

सभागृहात हशा पिकला. मागून कुणीतरी म्हणालं, “संध्याकाळनंतर सगळेच डोलतात!” आणि आणखी हसू उसळलं.

चांगुणाबाईने पदर सावरला. “आमी डोलतो क ग? दारू पिऊन? असा बोललंस तू?”

“नाय, आये. मी नाय बोलले.”

भाग्यश्री उठली, टेबलापाशी गेली आणि लॅपटॉप बंद केला. पडदा निळा झाला. कुणीतरी दिवे लावले. सुभाषराव हातातली शाल सांभाळत धावत आले.

“अहो ताई, हे काय! संपल्यावर बोलू ना आपण.”

“माझा आवाज कुठाय?”

“हां, ते होय! आमच्या गीतांजलीने वाचलं. निवेदन करते ती, फार सुरेख. तुमचा विषय एवढा मोठा, अमेरिकन कला! म्हटलं भाषेमुळे मागे पडायला नको. थोडं शुद्ध करून घेतलं, इतकंच. आमच्याकडून भेट समजा.”

“घाण होतं काय त्यात, शुद्ध करायला?”

“तसं नाही हो—”

“डोल म्हणजे काय, सर?”

सुभाषराव इकडेतिकडे बघू लागले. पहिल्या रांगेत बसलेल्या गीतांजलीने मान खाली घातली.

“जाळं आहे ते. माझा बाप जन्मभर लावत आला. तुम्हाला कळलं नव्हतं, तर फोन होता की. प्रोजेक्टरसाठी आठवडा मागितलात, एक शब्द विचारायला वेळ नाही झाला? माझ्या तोंडून माझ्याच माणसांना दारुडे म्हणवलंत आणि वर मला शाल घालताय.”

“चुकून झालं, ताई. मनावर घेऊ नका. तुमची मूळ फाइल आहेच की आमच्याकडे.”

“ही कुणाकुणाला दिलीत?”

सुभाषरावांचा आवाज खाली आला. “आपल्या शाखांना. ठाणे, डोंबिवली, पनवेल. पुढच्या रविवारी सगळीकडे लावणार आहेत. सांगतो मी त्यांना सावकाश.”

“सावकाश नाय. आता लावा फोन.”

“आता? एवढे लोक बसलेत.”

“त्यांनीच हसून घेतलं ना? त्यांच्यासमोरच लावा.” तिने खुर्ची ओढली आणि टेबलासमोर बसली. चांगुणाबाईही आली आणि लेकीशेजारी हाताची घडी घालून उभी राहिली.

सुभाषरावांनी शाल टेबलावर ठेवली आणि ठाण्याला फोन लावला. “हां, नमस्कार. तो माहितीपट लावू नका. जरा तांत्रिक अडचण—”

“तांत्रिक नाय, सर,” भाग्यश्री म्हणाली. “खरं सांगा.”

सुभाषरावांनी घसा खाकरला.

“म्हणजे... आवाज बदललाय त्यात. मी बदलून घेतला. त्यांना न विचारता. आणि अर्थ चुकलाय. हो, चुकलाय. माझ्याकडूनच. ती काढून टाका, दुसरी पाठवतो. नाही, नाही... त्यांच्याच आवाजातली.”

त्यांनी फोन खाली ठेवला आणि कपाळावरचा घाम पुसला.

“आता डोंबिवली,” भाग्यश्री म्हणाली.