पंधरा जागेवर नाही

वादळात तारा तुटल्या त्या दिवशी आपण आणि पंधरा नंबर सलग एकोणीस तास टेलिफोनच्या बोर्डावर बसून होतो, असे चौदा नंबरच्या बाईंनी मला पहिल्याच भेटीत सांगितले. मी जुना हजेरीपट काढून पाहिला. तास सात भरले. दुसऱ्या भेटीत मी तसे त्यांच्या कानावर घातले. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाल्या, “सात असतील. हजेरीपटाला कुठं पाठ असते दुखायला?”

बंद झालेल्या टेलिफोन एक्स्चेंजची कागदपत्रे लावण्याचे काम माझ्याकडे आहे. हजेरीपट, बिघाडांच्या वह्या, कॉलची तिकिटे, म्हणजे प्रत्येक कॉलच्या नोंदीच्या चिठ्ठ्या, असे सारे त्यात येते. सोबत हयात ऑपरेटरांच्या आठवणी नोंदवायच्या आणि शक्य तेथे त्या कागदाशी ताडून पाहायच्या, असा माझा रिवाज. चौदा आणि पंधरा ही त्या दोघींची नावे नव्हेत, जागा होत. चोवीस बायका एका लांब बोर्डापुढे ओळीने बसत आणि वरिष्ठ त्यांना जागेच्या आकड्यानेच हाक मारीत. या दोघींना तो आकडा असा चिकटला की घरची मुलेही ‘पंधरामावशी’ म्हणू लागली. खरी नावे हजेरीपटात आहेत. ती मी लिहू नयेत, असे चौदांनीच सुचवले. “लिहाल तर ओळखणार कोण आम्हाला?”

काम साधे होते, पण उसंत देणारे नव्हते. समोरचा दिवा लागला की एक दोरी, म्हणजे टोकाला पिन असलेली वायर, तिथे खोचायची, ‘नंबर सांगा’ म्हणायचे आणि जोडीची दुसरी दोरी मागितलेल्या नंबरात खोचायची. बाहेरगावचा कॉल तीन मिनिटांचा. वेळ भरली की मध्ये पडून ‘तीन मिनिटं झाली, वाढवायचीत?’ असे विचारायचे. मागे रांग असेल तर न विचारता तोडायचे. शेजारणीशी बोलायला मनाई होती, म्हणून या दोघींनी पेन्सिलीची भाषा काढली. टेबलावर एक टकटक म्हणजे मागून साहेबीण येते आहे. दोन म्हणजे माझी लाइन सांभाळ, पाणी पिऊन येते. तीन म्हणजे भारी काहीतरी ऐकले आहे, चहाला सांगते.

“ऐकायला मनाई होती ना?” मी विचारले.

“होती की. म्हणून तर टकटक. नाहीतर मोठ्यानंच सांगितलं असतं.”

चौदा ठेंगण्या आहेत. बोर्डाच्या वरच्या रांगेला त्यांचा हात पुरत नसे. तिथली दोरी सतरा वर्षे पंधरांनी खोचली. पंधरांचे अक्षर त्यांना स्वतःलाही लागत नसे. त्यांची तिकिटे चौदा लिहीत. या दुसऱ्या विधानावर माझा विश्वास नव्हता. दोघींच्या जागांची चारशे तिकिटे मी शेजारी शेजारी मांडून पाहिली. अक्षर खरोखरच एकाच हातचे आहे.

निवृत्तीनंतर रोज दुपारी चार वाजता चौदा पंधरांना फोन करू लागल्या. बोलणे तीनच मिनिटांचे. घड्याळ बघत दोघींपैकी एक म्हणायची, ‘तीन मिनिटं झाली, वाढवायचीत?’ आणि दुसरी म्हणायची, ‘नको.’ की फोन खाली. हे बावीस वर्षे चालले आहे आणि एकही दिवस चुकलेला नाही, असे चौदांचे म्हणणे. त्यांच्या डायऱ्यांत चारच्या पुढे रोज बारीक बरोबरची खूण आहे; त्रेसष्ट दिवस मात्र कोरे आहेत. “कोरे कुठले,” त्या म्हणाल्या, “लिहायचं राहिलं असेल.” याचा निवाडा करायला माझ्याकडे साधन नाही.

दोन वर्षांपूर्वी पंधरांचा मुलगा त्यांना आपल्या शहरी घेऊन गेला. आगगाडीने आठ तासांची वाट. त्यांची आठवण तेव्हाच विरत चालली होती. चौदा कमरेचे दुखणे घेऊन एकदा तिथे जाऊन आल्या. पंधरांनी त्यांना पाहुणीसारखे बसवले, चहा दिला आणि तासाभराने अदबीने विचारले, “तुमची गाडी किती वाजता आहे?” परत आल्यावर चौदा म्हणाल्या की फोनच बरा, तिथे ती मला बघत तरी नाही.

पाच महिन्यांपूर्वी फोनवरही बदल झाला. पहिल्या घंटेला उचलून पंधरा म्हणाल्या, “नंबर सांगा.”

“अगं पंधरा, मी चौदा.”

“पंधरा जागेवर नाही. नंबर सांगा.”

चौदा पोट धरून हसल्या. पंधरांची थट्टा अशीच असे, चेहऱ्यावरची रेघ न हलवता. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच झाले आणि त्या पुन्हा हसल्या, जरा कमी. तिसऱ्या दिवशी त्यांनी मुकाट्याने रेल्वे चौकशीचा नंबर मागितला.

तेव्हापासून त्या रोज चार वाजता ग्राहक होतात. कधी हवामान खाते मागतात, कधी अग्निशमन. “जोडते,” पंधरा म्हणतात, आणि थोड्या वेळाने, “लागत नाही. थांबणार का?” चौदा थांबतात. “त्या थांबण्यात तिचा श्वास ऐकू येतो,” त्यांनी मला सांगितले. “दम्याचा आहे. ओळखते मी.”

एवढी पार्श्वभूमी ठाऊक असताना मी त्यांच्यापुढे तो कागद ठेवला. ती चूक होती की कर्तव्य, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

चौदांचे यजमान घड्याळे दुरुस्त करीत. ते दुकानात कोसळले तेव्हा इस्पितळाने एक्स्चेंजच्या साहेबिणीसाठी फोन लावला आणि तो दिवा पंधराच्या जागेवर लागला. पुढचे चौदांच्या शब्दांत असे. “माझ्या लाइनवर कुणाचा तरी व्यवहार चालला होता. तो मध्येच पंधरानं उपटला. माझ्या कानावरचा हेडफोन काढला आणि म्हणाली, ऊठ. कारण नाही, काही नाही. ऊठ, रिक्षा कर, इस्पितळात जा. मी पोचले तेव्हा ते शुद्धीत होते. वीस मिनिटं मिळाली मला.”

वीस मिनिटांना पुरावा मिळणे शक्य नव्हते. बाकीच्याला मिळाला. साहेबिणीच्या टिपणवहीत त्याच तारखेखाली नोंद आहे: जागा क्रमांक पंधरा हिने चालू संभाषण ऐकले, शेजारील जागेचे संभाषण विनापरवाना तोडले, सबब लेखी ताकीद देण्यात येत असून पर्यवेक्षकपदाच्या यादीतून तिचे नाव कायमचे वगळण्यात येत आहे. खाली सही आणि शिक्का. यादीही मिळाली. तिच्यात पहिले नाव पंधराचे होते. त्यावर रेघ आहे. दुसरे नाव चौदाचे.

दोन वर्षांनी पर्यवेक्षकाची खुर्ची चौदांना मिळाली. त्या बोर्ड सोडून ओळीच्या मागे जाऊन बसल्या आणि पंधरा शेवटच्या दिवसापर्यंत त्याच जागेवर राहिल्या. चौदांना हे ठाऊक असेलच, असे मी धरून चालले होते. त्यांनी कागद वाचला, मग पुन्हा सुरुवातीपासून वाचला.

“तारीख बरोबर आहे?”

“आहे.”

“शिक्का आपल्याच ऑफिसचा?”

“हो.”

“मी तिला आयुष्यभर टोमणे मारले,” त्या म्हणाल्या. “म्हणायचे, तुला जबाबदारी नको, तुला नुसतं भिंतीला टेकून बसायला हवं. ती म्हणायची, वरून दोऱ्या दिसत नाहीत बाई, मला नको तुझी खुर्ची. ‘तुझी खुर्ची’ म्हणायची. इतकी वर्षं ताकास तूर लागू दिली नाही मेलीनं.”

चारला पाच मिनिटे कमी होती. त्यांनी फोन जवळ ओढला. एवढे एकच तिला सांगायचे, की मला कळले. फोन मात्र त्या दिवशी मुलाने उचलला. चौदांना कमी ऐकू येते, त्यामुळे त्यांच्या फोनचा आवाज खोलीभर पोचतो. पुढचे बोलणे मी ऐकले ते त्यामुळे.

“मावशी, बरं झालं तुमचाच आला. रविवारी हा फोन काढून टाकतोय.”

“का रे?”

“आई दिवसभर उचलते. वाजला नाही तरी. काल बँकेच्या माणसाला अर्धा तास थांबवून ठेवलं तिनं.”

“मग, लाइन मिळाली का त्याला?”

“मावशी. सोमवारी टेबलदिव्याची वायर उपटली तिनं. उघडं टोक भिंतीतल्या सॉकेटमध्ये घालत होती. नशीब, बटण बंद होतं. डॉक्टर म्हणाले, हाताशी काही ठेवू नका. दोरी नको, वायर नको.”

“जोडत होती ती.”

“माहितेय मला. पण मी नोकरीवर असतो. मी काय करू, सांगा तुम्ही.”

चौदांनी मोबाइलचे विचारले. तो म्हणाला की मोबाइल तिला फोन वाटतच नाही; हातात दिला की त्यात तोंड बघते आणि पालथा घालून ठेवते. ताकिदीचे त्याला विचारले. त्यालाही काही ठाऊक नव्हते. शेवटी त्या एवढेच म्हणाल्या, “शनिवारी चार वाजता तिच्याजवळ राहू दे फोन. मग काढ.”

“हो मावशी.”

शनिवारी त्यांनी मला बोलावून घेतले. एकटीने ऐकले तर पुढे आपलीच आठवण आपल्याला फसवील, असे कारण त्यांनी दिले. “तुम्ही वेळ लावा,” म्हणाल्या. “तुमचं घड्याळ तरी खरं बोलेल.” टेबलावर त्यांनी पेन्सिल काढून ठेवली होती. कागद नव्हता.

चार वाजता त्यांनी नंबर फिरवला. पहिल्याच घंटेला उचलला गेला.

“नंबर सांगा.”

“पंधराशी बोलायचं होतं.”

“पंधरा जागेवर नाही.”

“कधी येईल?”

“सांगता येणार नाही. दुसरा नंबर आहे का?”

चौदांनी पेन्सिल हातात घेतली. “मग चौदा द्या.”

पलीकडे श्वास तेवढा ऐकू येत होता. “चौदा आहे,” पंधरा म्हणाल्या. “ही काय, शेजारीच बसलीय. पण कामावर आहे. ऑपरेटरशी खासगी बोलता येत नाही, बाई.”

“कशी आहे ती?”

“बुटकी आहे.” आवाज एकदम खाली आला, बोर्डावर कुणाच्या नकळत बोलावे तसा. “वरच्या रांगेत हात पुरत नाही तिचा. मीच लावून देते. सांगू नका कुणाला.”

“नाही सांगत.” माझ्या घड्याळात दोन मिनिटे होत आली होती. “पंधरासाठी एक निरोप द्याल का? ती आली की.”

“निरोप आम्ही घेत नाही. फक्त जोडून देतो.”

“एवढासाच आहे. म्हणावं, ताकिदीचं चौदाला कळलं. खुर्चीचंही कळलं.”

“निरोप घेत नाही, बाई. नियम नाही.”

चौदांनी फोनच्या तोंडाजवळ पेन्सिल नेली आणि तीनदा वाजवली. टक, टक, टक. थांबून पुन्हा तीनदा.

“तुमच्या लाइनवर खरखर येतेय,” पंधरा म्हणाल्या. “तक्रार लिहून घेऊ का?”

“नको.”

“बरं. तीन मिनिटं झाली. वाढवायचीत?”

माझ्या घड्याळात दोन मिनिटे अठ्ठावन्न सेकंद झाले होते. त्या खोलीत घड्याळ नसते, हे मुलाने मला नंतर सांगितले.

“वाढवा,” चौदा म्हणाल्या. बावीस वर्षांत पहिल्यांदा.

“मागे रांग आहे, बाई,” पलीकडून उत्तर आले आणि लाइन तुटली.

चौदांनी रिसीव्हर कानावरून काढला नाही. “नियमानं बरोबर आहे तिचं,” त्या म्हणाल्या, आणि तो तसाच धरून बसल्या.