खालापूरचा तो खण

मी हे लिहावं की नाही, अजून ठरत नाही. हमीदचाचांना जन्मभर ओळखणारी माणसं कर्जतमध्ये आहेत. मी कशेळ्याच्या पलीकडच्या वाडीतला, कॉलेजसाठी त्यांच्या शेजारची खोली भाड्याने घेतलेला मुलगा. आमच्या घरात याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही, त्यामुळे असं लिहितात कसं हेही मला नीट माहीत नाही. चुकलं तर सांभाळून घ्या. चाचा गेले, त्यांचा चाळिसाव्या दिवसाचा विधीही झाला, तरी एका खणाची गोष्ट मला स्वस्थ बसू देत नाही...

चाचा घरोघरी जाऊन कुरकुरणारे, अडकणारे खण दुरुस्त करायचे. टेबलाचे, कपाटाचे, शिलाई मशीनचेसुद्धा. आमची ओळखही तशीच झाली. माझ्या टेबलाचा खण उघडला की किंचाळायचा. एका संध्याकाळी ते दारात येऊन म्हणाले, "खण रडतोय का तू रडतोस रं? भिंतीपलीकडं समजत नाय." मग मेणबत्तीचा तुकडा खणाखालच्या पट्ट्यांवर घासून त्यांनी तो गप्प केला आणि माझ्याच हातचा चहा पिऊन, चहाला नावं ठेवून गेले. पुढे ते रोज यायचे. चहाला नावं ठेवायचेही रोज.

त्यांचा एक नियम होता. पावसाळ्यात लाकडाला रंधा लावायचा नाही. आमच्याकडच्या पावसात लाकूड इतकं फुगतं की खण हलत नाही, आणि लोकांना वाटतं, थोडा तासला की झालं. पण तेव्हा तासलेला खण उन्हं पडली की सुकून ढिला होतो. म्हणून पावसात ते फक्त मेण लावायचे आणि दिवाळीनंतर येतो म्हणायचे. लोक चिडायचे, दुसरा सुतार बघतो म्हणायचे. चाचा खुशाल बघा म्हणून निघायचे.

हा नियम त्यांनी, माझ्या माहितीत, एकदाच मोडला. खालापूरच्या नलूताईंकडे. गणपती तोंडावर आले होते आणि बाप्पाचं चांदीचं ताट, निरांजनं, सगळं अडकलेल्या खणात होतं. कसाबसा खण वीतभर उघडून, मेण लावून चाचा उठले, तरी तो तिथेच पुन्हा अडकला, ताट काही बाहेर येईना. तेव्हा ताई दारातच बसल्या. "चाचा, बाप्पा काय तुमच्या दिवाळीची वाट बघणार हाय का?" चाचांनी रंधा काढला.

त्या दिवसापासून त्यांचं चित्त लागेना. चहा पिता पिता मधेच थांबायचे. बाकीचे खण विसरले, हा एकच राहिला. आपल्या हातून एका घरात कायमची खोट राहिली, असं त्यांनी धरून ठेवलं होतं. मी म्हणायचो, एवढं काय त्यात. ते म्हणायचे, "तिनं हट्ट केला, पण रंधा माज्या हातात होता ना रं."

पुढे छातीचं दुखणं निघालं आणि त्यांना पनवेलला नेलं. मी भेटायला गेलो की ते तब्येतीचं बोलायचेच नाहीत. "बाहेर ऊन कसं हाय?" एवढंच विचारायचे. नर्सला वाटायचं त्यांना उजेड हवाय, ती पडदा सरकवायची. त्यांच्या सांगण्यावरून मी तो खण बघायला खालापूरला जाऊनही आलो. घराला कुलूप होतं, ताई लेकीकडे पुण्याला गेल्या होत्या. शेजारणीकडे चाचांचं नाव सांगून माझा नंबर देऊन परतलो. चाचांना सांगितलं तर त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं... दिवाळीच्या आधीच ते गेले. मी वाडीवर होतो, तिथे फोन लागत नाही. मी कर्जतला पोचलो तेव्हा माती देऊन माणसं घरी गेलेली होती.

तेव्हापासून कुणाच्याही घरी गेलो की माझा हात खणाकडे जातो. ओढून बघतो, ढकलतो. लोक विचित्र नजरेने पाहतात.

गेल्या आठवड्यात नलूताईंचा फोन आला. त्या नुकत्याच परतल्या होत्या, चाचांचं त्यांना कळलेलं नव्हतं, आणि मी सांगायच्या आत त्या बोलू लागल्या. "अरे, तो खण पार ढिला झालाय. नातवानं ओढला तर सगळा त्याच्या मांडीवर आला. चाचा बोलले होते तसंच झालं बघ. पण त्यांना सांग, मनाला लावून घेऊ नका. हट्ट माझा होता. बाप्पाचं ताट वेळेवर निघालं, मला तेवढं पुरे हाय."